दहापट बफर आणि पीएचचा घोळ

प्रश्न : आम्ही १० एक्स (दहापट दाट) पीबीएस, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे फॉस्फेट आणि मिठाचे बफर, करून ठेवतो. त्याचा पीएच ६.८ च्या आसपास येतो, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड घालून तो ७.४ करतो. पण पातळ केल्यावर तो थेट ८ कडे जातो. चुकते कुठे?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : सोडियम हायड्रॉक्साइड घालता, तिथेच. १० एक्समध्ये ६.८ येणे बरोबर आहे. इतक्या दाट मिठात दोन ऋणभारांचे फॉस्फेट जास्त स्थिर असते, हायड्रोजन आयन सहज सुटतो आणि पीएच खाली दिसतो. पाणी घातले की आयनांची गर्दी ओसरते आणि पीएच आपोआप ७.४ च्या जवळ येतो. तुम्ही आधीच वर चढवलात, मग पाण्याने आणखी चढवला.

१ लिटर १० एक्ससाठी सोडियम क्लोराइड ८० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १४.४ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.४ ग्रॅम घ्या. हे सगळे ८०० मिली पाण्यात विरघळवून १ लिटरपर्यंत भरा आणि पीएचला हात लावू नका. त्यातले १०० मिली काढून १ लिटर करा आणि पीएच त्या पातळ द्रावणाचा मोजा.

तरीही तो बराच खाली आला, तर डायसोडियम फॉस्फेटच्या बाटलीचे लेबल वाचा. १४.४ ग्रॅम हा आकडा निर्जल (पाण्याचे रेणू नसलेल्या) क्षाराचा आहे. डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू) असेल तर १८ ग्रॅम लागतात, डोडेकाहायड्रेट (बारा रेणू) असेल तर ३६.३. डोडेकाहायड्रेट १४.४ ग्रॅमच घेतले तर पीएच साधारण ०.४ ने खाली येतो आणि बफरची ताकदही घटते. मग मीटरवर संशय घेऊन तो तीनतीनदा कॅलिब्रेट केला जातो, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

आधी केलेली बाटली ओतून देऊ नका. पातळ केल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाने ७.४ वर आणा. वाढणारे मीठ नगण्य असते.

प्रश्न : ५० मिलिमोलर ट्रिस (बफर करणारे रसायन, पीएच ८), १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) असे ५०० मिली बफर हवे आहे. स्टॉक (आधी केलेली दाट द्रावणे) अनुक्रमे १, ५ आणि ०.५ मोलर (१ मोलर म्हणजे १००० मिलिमोलर) आहेत. मोजमाप कसे करावे?
– प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली

उत्तर : हवी असलेली तीव्रता गुणिले हवे असलेले आकारमान, भागिले स्टॉकची तीव्रता. ट्रिस २५ मिली, सोडियम क्लोराइड १५ मिली, ईडीटीए १ मिली. म्हणजे पाण्याच्या वाट्याला ४५९ मिली येतात, पण ते मोजून घालू नका. सुमारे ४०० मिली पाण्यात स्टॉक घाला, ढवळा, पीएच पाहा आणि मग ५०० च्या खुणेपर्यंत भरा. पीएच दुरुस्तीला जागा राहते ती अशीच. फिल्टर आणि नळ्यांत थोडे अडकतेच, म्हणून गरजेपेक्षा दहा टक्के जास्त करा.

वहीत ‘एकास दहा’ लिहू नका. कुणी १ भागात ९ भाग पाणी घालतो, कुणी १०, आणि दुसऱ्याचे द्रावण ९ टक्के फिके निघते. ‘१ + ९’ लिहा.

एखाद्या घटकाचे ०.१ मायक्रोलिटर निघाले तर पिपेटवर विसंबू नका. आधी स्टॉक शंभरपट पातळ करा, मग त्यातले १० मायक्रोलिटर घ्या.

हे बफर ४ अंशांच्या कोल्डरूममध्ये वापरणार असाल, तर २५ अंशांना ८ केलेला ट्रिस तिथे जवळपास ८.६ होतो. दर अंशाला ०.०२८ चा फरक पडतो. थंड खोलीत ८ हवा असेल, तर २५ अंशांना ७.४ ठेवा. फॉस्फेटला हा त्रास फारसा नाही.

प्रश्न : फ्रिजमधल्या १० एक्स पीबीएसच्या तळाशी पांढरे खडे जमले आहेत. वरचे स्वच्छ द्रावण वापरावे का?
– वाचक, पणजी

उत्तर : नको. ते बहुधा थंडीने बाहेर पडलेले फॉस्फेट आहे, त्यामुळे वरच्या द्रावणात ते कमी पडले आहे. बाटली ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, सगळे विरघळल्यावर नीट हलवा, मगच मोजून घ्या. आणि पुढच्या वेळी १० एक्स खोलीच्या तापमानालाच ठेवा.