वर्डप्रेस आणि ड्रुपलची संकेतस्थळे सर्व्हरवर आपोआप कशी चढवावीत?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही वर्डप्रेस आणि ड्रुपल या आशय-व्यवस्थापन प्रणालींवरची अनुक्रमे दहा-बारा आणि दोन संकेतस्थळे सांभाळता, प्रत्येक बदल एफटीपीने (फायली सर्व्हरवर पाठवण्याच्या पद्धतीने) हाताने चढवता, आणि आता हे काम स्क्रिप्टवर सोपवायचे आहे, मात्र त्या नादात संपादकांनी लाइव्ह साइटवर लिहिलेला मजकूर पुसला जाईल, अशी धास्ती तुम्हाला वाटते. ही धास्ती अगदी रास्त आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. साधन कोणते घ्यावे हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे.

अशा संकेतस्थळात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात आणि त्यांच्या प्रवासाच्या दिशा वेगवेगळ्या असतात. कोड, म्हणजे मूळ प्रणाली, थीम आणि प्लगइन, हा तुमच्या संगणकाकडून लाइव्ह सर्व्हरकडे जातो. आशय, म्हणजे लेख, प्रतिक्रिया, खरेदीच्या मागण्या आणि अपलोड केलेली चित्रे, हा लाइव्ह सर्व्हरवरच जन्मतो आणि चाचणीसाठी हवा असेल तर तिकडून खाली आणायचा असतो; तो वर कधीही चढवायचा नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे सेटिंग्ज, आणि त्या दोन्हीकडे बदलल्या जात असल्यामुळे बहुतेक भांडणे तिथेच होतात. ही वाटणी कागदावर स्पष्ट होईपर्यंत एकही स्क्रिप्ट लिहू नका. मी स्वतः ही वाटणी न करता आरसिंक हे फोल्डर जुळवणारे साधन चालवले होते, त्यात डिलीट (मूळ जागी नसलेल्या फायली सर्व्हरवरूनही काढणारा) हा पर्याय लावलेला होता, आणि माझ्या संगणकावर अपलोड्स फोल्डर रिकामे असल्यामुळे आरसिंकने आपले काम चोख बजावत लाइव्ह साइटवरील सगळी चित्रे काढून टाकली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून चित्रे परत आली, पण त्या दिवशी सकाळपासून चढवलेली चित्रे मात्र कायमची गेली.

कोडसाठी गिट रिपॉझिटरी (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे भांडार) हवी, आणि तिच्यात अपलोड्स फोल्डर व डेटाबेसचा पासवर्ड असलेली डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल, या दोन गोष्टी नसाव्यात. प्लगइनच्या फायली रिपॉझिटरीत भरण्याऐवजी त्यांची यादी कंपोझरकडे द्यावी; वर्डप्रेस आणि ड्रुपल ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहेत, तिचे तयार भाग आणून बसवणारे हे साधन आहे. ड्रुपलची तर हीच रूढ पद्धत आहे. वर्डप्रेससाठी डब्ल्यूपॅकेजिस्ट हा स्रोत आणि बेडरॉक हा तयार सांगाडा वापरता येतो. कंपोझरची लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये कमिट केली, म्हणजे नोंदवली, की चाचणीच्या आणि लाइव्ह सर्व्हरवर प्रत्येक प्लगइनची नेमकी तीच आवृत्ती बसते. विकत घेतलेले प्लगइन या सार्वजनिक स्रोतात मिळत नाहीत. ते एखाद्या खासगी रिपॉझिटरीत ठेवावे लागतात.

यानंतर एक शिस्त पाळावीच लागते: लाइव्ह साइटच्या डॅशबोर्डवरून कोणीही प्लगइन बसवायचा नाही किंवा अद्ययावत करायचा नाही, कारण पुढच्या डिप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे कोड पुन्हा सर्व्हरवर चढवताना, तो बदल नाहीसा होईल. नुसते सांगून हे पाळले जात नाही, म्हणून डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये 'डिसअलाऊ फाइल मॉड्स' हा स्थिरांक चालू करावा. त्यामुळे डॅशबोर्डवरून फायली बदलण्याची सोय बंद होते आणि आपोआप होणारी अद्यतनेही थांबतात. याची दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने घ्या: वर्डप्रेसची छोटी सुरक्षा अद्यतने २०१३ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून आपोआप होत आली आहेत, आणि ती तुम्ही बंद केलीत तर ती जबाबदारी आता पूर्णपणे तुमची आहे. नव्या आवृत्त्या आल्या आहेत का, हे रोज तपासणारे काम त्याच दिवशी लावून घ्या.

आता प्रत्यक्ष चढवणे. चालू फोल्डरमधील फायलींवर नव्या फायली ओतू नयेत, कारण त्या काही सेकंदांत अर्धा कोड जुना आणि अर्धा नवा असतो आणि नेमका तेव्हा आलेल्या वाचकाला पांढरे पान दिसते. कॅपिस्ट्रानो आणि पीएचपीतील डिप्लॉयर ही साधने ज्या मांडणीने काम करतात ती मला सर्वात भरवशाची वाटते. प्रत्येक डिप्लॉयमेंटसाठी 'रिलीजेस'मध्ये नवे फोल्डर तयार होते. अपलोड्स आणि कॉन्फिग फाइल 'शेअर्ड' या वेगळ्या फोल्डरमध्ये कायम राहतात आणि नव्या फोल्डरातून त्यांच्याकडे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) जाते. सगळे तयार झाले की 'करंट' नावाची सिमलिंक जुन्यावरून नव्याकडे वळवली जाते. वेब सर्व्हर फक्त 'करंट'कडे पाहत असतो. कंपोझर मात्र लाइव्ह सर्व्हरवर चालवू नका. गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅबच्या, अशी कामे वेगळ्या संगणकावर आपोआप करणाऱ्या, यंत्रणेत तो चालवून तयार झालेला संच पाठवा, म्हणजे मध्येच काही बिघडले तरी लाइव्ह साइटला त्याची झळ पोहोचत नाही.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर इथे दोन खाचखळगे आहेत. एलएन या दुवा तयार करणाऱ्या आज्ञेने असलेली सिमलिंक बदलताना अनेक प्रणालींवर आधी जुनी काढली जाते आणि मग नवी तयार होते, त्यामुळे मध्ये एक क्षण रिकामा राहू शकतो. त्याऐवजी नवी सिमलिंक वेगळ्या नावाने तयार करून लिनक्सवरील एमव्ही या नाव बदलणाऱ्या आज्ञेने, कॅपिटल टी हा पर्याय लावून, जुनीच्या जागी सरकवावी, म्हणजे बदल एका झटक्यात होतो. दुसरे असे की पीएचपी फायलींचे खरे पत्ते काही काळ स्मरणात ठेवते, आणि हा काळ मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांचा असतो. सिमलिंक वळवल्यावरही जुनाच कोड चालताना दिसतो तो बहुधा यामुळे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये डॉक्युमेंट रूटऐवजी रिअलपाथ रूट (सिमलिंकमागचा खरा पत्ता) पीएचपीकडे पाठवावा, किंवा डिप्लॉयमेंटच्या शेवटी पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करावे.

डेटाबेसबद्दल माझा आग्रह आहे की चाचणीचा डेटाबेस लाइव्ह सर्व्हरवर चढवण्याची सोयच स्क्रिप्टमध्ये ठेवू नये; नसलेली आज्ञा चुकूनही चालवता येत नाही. उलट दिशेने, लाइव्हचा डेटाबेस खाली आणताना संकेतस्थळाचा पत्ता बदलावा लागतो, आणि तो साध्या मजकूर-बदलाने बदलू नका. वर्डप्रेस अनेक सेटिंग्ज पीएचपीच्या सीरियलाइज्ड (माहिती एका सलग मजकुरात गुंफलेल्या) स्वरूपात साठवते, ज्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. पत्त्याची लांबी बदलली आणि तो आकडा तसाच राहिला, तर तो पूर्ण संच वाचता येत नाही आणि विजेट किंवा थीमच्या सेटिंग्ज गायब झालेल्या दिसतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेससाठीच्या आज्ञा-साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा ही लांबी सांभाळून बदल करते.

सेटिंग्जच्या बाबतीत ड्रुपल पुढे आहे. २०१५ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून त्यातील कॉन्फिगरेशन यामल या साध्या मजकूर-स्वरूपाच्या फायलींत काढता येते, त्या गिटमध्ये राहतात, आणि ड्रश या ड्रुपलच्या आज्ञा-साधनाची डिप्लॉय आज्ञा डेटाबेसची अद्यतने, कॉन्फिगरेशनची आयात आणि कॅशेची सफाई योग्य क्रमाने पार पाडते. मात्र ही आयात लाइव्हवर कोणी केलेले बदल पुसून टाकते, म्हणून आधी ड्रशच्या कॉन्फिग-स्टेटस आज्ञेने लाइव्हवर फरक पडला आहे का ते पाहावे आणि फरक दिसल्यास डिप्लॉयमेंट थांबवावी. वर्डप्रेसमध्ये अशी अंगभूत सोय नाही. तिथे मी महत्त्वाच्या सेटिंग्ज शक्य तितक्या कोडमध्ये लिहिते आणि उरलेल्या डब्ल्यूपी-सीएलआयच्या ऑप्शन-अपडेट आज्ञेने स्क्रिप्टमधूनच बसवते. मूळ प्रणाली बदलली असेल तर सिमलिंक वळवल्यावर कोअर-अपडेट-डीबी ही आज्ञाही चालवावी.

मागे फिरण्याची वाट आधीच आखून ठेवा, कारण इथे पुष्कळांची फसगत होते. सिमलिंक जुन्या फोल्डरकडे वळवली की कोड क्षणात मागे जातो. डेटाबेस मात्र मागे जात नाही. जुना डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) परत भरला तर मधल्या वेळेतील मागण्या आणि प्रतिक्रिया नष्ट होतात, म्हणून तो उपाय अगदी शेवटचा मानावा. डेटाबेसच्या रचनेत बदल करायचा असेल तर आधीच्या डिप्लॉयमेंटमध्ये फक्त नवा स्तंभ जोडावा, जुना तसाच राहू द्यावा, आणि नवा कोड स्थिरावल्याची खात्री पटल्यावर पुढच्या एखाद्या डिप्लॉयमेंटमध्ये जुना काढावा. असे केले की मधल्या काळात जुना कोडही त्याच डेटाबेसवर चालू शकतो. तरीही प्रत्येक वेळी आधी डंप घ्याच. इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांसाठी मायएसक्यूएल-डंप या प्रत काढणाऱ्या साधनाला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला की साइट न थांबवता सुसंगत प्रत मिळते.

डिप्लॉयमेंटसाठी सर्व्हरवर वेगळा वापरकर्ता आणि वेगळी एसएसएच किल्ली (सर्व्हरवर सुरक्षित प्रवेश देणारी फाइल) असावी, आणि त्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार नसावेत. शेवटी मुखपृष्ठ उघडून पाहणारी तपासणी ठेवा, पण फक्त २०० हा 'सगळे ठीक' सांगणारा प्रतिसाद आला म्हणून समाधान मानू नका. पानाच्या तळाशी नेहमी असणारे एखादे वाक्य खरोखर आले आहे का ते शोधा, कारण अर्धवट तुटलेले पानही २०० सांगू शकते.

सुरुवात सर्वात कमी वर्दळीच्या एकाच संकेतस्थळापासून करा. आधी त्याची चाचणीची प्रत उभी करून तिच्यावर चार-पाच वेळा डिप्लॉय करा आणि एकदा मुद्दाम बिघडलेला कोड चढवून मागे फिरून पाहा. ते निर्विघ्न जमले की तेच संकेतस्थळ लाइव्हवर न्या, आणि त्याच दिवशी त्याचे एफटीपी खाते बंद करा.