इतिहासाची पदवी वाया गेलेली नाही, गणित तेवढं हातचं सोडू नका

ताई, तुमचं पत्र वाचून आधी तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं. तुम्ही लिहिता, ‘इतिहासाची पदवी संपत आली आणि आता म्हणते, हवामानावर संशोधन करायचंय. हे म्हणतात, सायन्सची दारं कधीच बंद झाली. एवढी फी पाण्यात गेली का?’

नाही गेली. आपल्यातले बहुतेकजण इंजिनियरिंगच्या नाहीतर सायन्सच्या डिग्रीवर इकडे परदेशात आलो, व्हिसाही त्याच जोरावर मिळाला. त्यामुळे तेवढी एकच वाट खरी वाटते. भीती समजते मला, पण ती लेकीच्या गळ्यात का घालायची? हॅरल्ड वार्मस यांनी इंग्रजी साहित्यात एमए केलं, मग मेडिकलला गेले आणि १९८९मध्ये कर्करोगाच्या जनुकांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलं. आपल्या इरावती कर्वे तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या आणि पुढे बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट केली.

शिवाय तुमच्या लेकीचा इतिहास हवामानशास्त्राला हवाच आहे. फ्रान्समधल्या बर्गंडीत द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या जुन्या नोंदींवरून संशोधकांनी १३७०पासूनच्या उन्हाळ्यांचं तापमान काढलं आहे. उन्हाळा कडक असला की द्राक्षं लवकर पिकतात, असा साधा हिशेब. जुन्या जहाजांच्या लॉगबुकांतल्या वाऱ्याच्या आणि हवेच्या दाबाच्या नोंदीही अशाच कामी येतात. ती हस्ताक्षरं लावायची, जुनी मापं आणि कॅलेंडरं ओळखायची आणि नोंद करणाऱ्यावर विश्वास कितपत ठेवायचा हे ठरवायचं, हे इतिहासाच्याच विद्यार्थ्याला जमतं.

अडतं ते पुढे, गणितापाशी. हे मी सतत सांगत आले आहे आणि आजही तेच सांगणार. पदवी बदलू नका, गणित भरून काढा. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स आणि आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा. उरलेल्या सेमिस्टरमध्ये यातलं जेवढं बसेल तेवढं तिनं घ्यावं, बाकीचं पदवीनंतर. अमेरिकेत त्यासाठी पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर राहिलेले विषय भरून काढायचे अभ्यासक्रम असतात, ब्रिटनमध्ये काही विषयांना दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी कन्व्हर्जन मास्टर्स. एडवर्ड विटन यांनी १९७१मध्ये बीए केलं ते इतिहासात, पण पीएचडी भौतिकशास्त्रात केली आणि १९९०मध्ये त्यांना गणिताचं फील्ड्स पदक मिळालं. मधलं सगळं गणित त्यांना शिकावंच लागलं.

माझी भाची भाषाशास्त्राची. तिला एका श्रवण-संशोधन प्रयोगशाळेत सुरुवातीला मिळालेलं काम अगदी कंटाळवाणं होतं. कानाला हेडफोन लावून बसायचं, ध्वनिमुद्रणात ‘प’ कुठे संपतो आणि पुढचा स्वर कुठे सुरू होतो ते ऐकायचं आणि पडद्यावरच्या लहरींवर खूण करायची. दिवसभर तेच. पण तिच्याइतकं नेमकं तिथं कुणालाच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर स्टॅटिस्टिक्सची गणितं सोडवायची. माझी बहीण ‘हिचं काय होणार’ म्हणून मला फोन करायची, अगदी तुमच्यासारखीच. आज भाची मेंदू आवाज कसा ओळखतो यावर पीएचडी करते आहे.

धाकट्याच्या मराठीचं आणि सासूबाईंच्या मुक्कामाचंही तुम्ही विचारलंय. घरात मराठीतच बोला, आणि सासूबाई आल्या की त्याला त्यांच्याशी गप्पा मारायला बसवा. दोन्ही प्रश्न बरेचसे तिथंच सुटतील.

लेकीनं मात्र आत्ताच हवामानावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना ईमेल लिहावा. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातला एक नेमका प्रश्न विचारावा, स्वतः हाताळलेली जुनी कागदपत्रं कुठली ते सांगावं आणि उन्हाळ्यात नोंदी भरण्याचं काम मिळेल का, असं सरळ विचारावं. आणि ताई, तो ईमेल तिचा तिला लिहू द्या. तिच्या बाबांनाही हे बजावून सांगा.