म्युनिकला भाड्यानं घर घेताय? हीटिंगबद्दल थोडं, बाकीचं जास्त

जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोडवरून म्युनिकला येताय, बरोबर बायको आणि दुसरीतला मुलगा, आणि हीटिंगचं बिल किती येईल असं विचारलंय तुम्ही. व्हिसा, ब्लू कार्ड (नोकरीचा परवाना) सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडा.

घर बघायला जाल तेव्हा एनर्जी सर्टिफिकेट मागा, दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात वर्षाला दर चौरस मीटरला किती किलोवॉट तास ते लिहिलेलं असतं, म्हणजे आपलं एमएसईबीचं युनिटच. आमचं 220 होतं, म्हणजे बरंच जास्त, वरचा मजला, डोक्यावर थेट छप्पर, पण उंच सीलिंग बघून आम्ही भाळलो, शनिवारातल्या वाड्याची आठवण आली ना! भाड्यात हीटिंगचा नुसता अंदाज धरलेला असतो, मालकानं तो कमी धरला होता, वर्षाचा हिशोब आला तेव्हा अकराशे युरो वर भरले.

भाडेकरूला भिंतीला, छपराला हात लावता येत नाही. मग मी खिडक्यांना फोमची टेप, दाराखाली ब्रश, रात्री शटर खाली, रेडिएटरसमोरचा सोफा हलवला, थर्मोस्टॅट 3 वर म्हणजे साधारण 20 डिग्री. बिल उतरलं, पण कपडे आतच वाळत, वर कुकरची वाफ, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. मालक म्हणाला तुम्ही खिडक्याच उघडत नाही, आणि चीड आली तरी खरं होतं ते. दिवसातून दोन-तीनदा रेडिएटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, किलकिली ठेवायची नाही, त्यानं नुसती भिंत गार पडते.

एकटेपणा येतो, जातो. पुढे.

मुलगा दुसरीत म्हणताय म्हणून सांगतो. इथे बव्हेरियात (म्युनिकचं राज्य) पुढची शाळा कुठली ते चौथीतच ठरतं, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून कमी असेल तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा (1 म्हणजे सगळ्यात भारी). माझी मुलगी तिसरीत आली, तिला 2.66 मिळाले, गणितात 1 असून, सगळं जर्मननं घालवलं. दहा वर्षांच्या पोरीचं काय ठरवता हो तुम्ही? पुढे बदलता येतं म्हणतात, येत असेलही. पण त्या हिवाळ्यात मी रोज रात्री मीटरचं रीडिंग एक्सेलमध्ये भरत बसायचो आणि ती पलीकडच्या खोलीत एकटी जर्मन धडा वाचायची, चुकत चुकत, ते ऐकू यायचं मला.

तुम्ही दोघं आजच बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाला, आणि मुलाशी घरी जर्मनमध्ये बोलायला लागा. टेप काय, इथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.