घर भाड्याने दिल्यावर : वाचकांचे प्रश्न

घर भाड्याने देणाऱ्या वाचकांची चार पत्रं या वेळी घेतली आहेत. चारही घरं महाराष्ट्रातली, त्यामुळे नियमही इथलेच सांगितले आहेत.

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला होता, महिना 22,000 भाडं आणि एक लाख डिपॉझिट. मुदत संपून दोन महिने झाले. भाडेकरू "मुलांची परीक्षा होऊ द्या" म्हणतात आणि भाडं नियमित खात्यात टाकतात. कुलूप बदलावं का?

नाही. वीज-पाणी तोडणं आणि सामान बाहेर काढणं, हेही करू नका. कायदेशीर मार्गाने न जाता ताबा काढून घेतला, तर तसा बाहेर पडलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच नसतो. तुमची बाजू भक्कम असताना ती हातची घालवू नका.

ती भक्कम आहे ती करार नोंदणीकृत असल्यामुळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली की ताबा द्यावाच लागतो. नाही दिला, तर त्या दिवसापासून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. तुमच्या बाबतीत महिन्याला 44,000. नेहमीच्या दिवाणी न्यायालयात जाण्याचीही गरज नाही, अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे होतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागितली नाही, तर घर रिकामं करण्याचा आदेश निघतो.

आज करायचं काम वेगळं आहे. खात्यात येणाऱ्या 22,000 बद्दल गप्प राहू नका. तुम्ही तोंडी मुदत वाढवली, असा अर्थ लावायला त्यातूनच वाव मिळतो. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा : करार अमुक तारखेला संपला, नूतनीकरण झालेलं नाही, त्यानंतर आलेली रक्कम भाडं म्हणून नव्हे तर नुकसानभरपाईपोटी जमा धरली आहे, ताबा अमुक तारखेपर्यंत द्यावा. पोस्टाची पावती आणि पोचपावती जपा. अर्जाला तीच लागते, सोबत करार, इंडेक्स-2 (करार नोंदल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा) आणि मालमत्ता कराची पावती.

परीक्षेची अडचण खरी असेल तर माणुसकीने मुदत द्यावी, असंच आमचं मत आहे. फक्त ती कागदावर द्या, नवा छोटा करार नोंदवून. खर्च नगण्य आहे : 11 महिन्यांचाच करार धरला तरी भाडं 2,42,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 9,167, एकूण 2,51,167. त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 628 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. इतके पैसे वाचवायला नुसता नोटरी केलेला करार करणारे मालक पाहिले की वाईट वाटतं. कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाचीच आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

प्रश्न : डोंबिवलीतल्या माझ्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटखालच्या घरात बाथरूमच्या छताला ओल आली आहे. सोसायटी म्हणते दुरुस्ती तुमची, प्लंबर म्हणतो सगळ्या टाइल्स फोडा. भाडेकरूंना किती त्रास द्यायचा?

फोडाफोडी शेवटी. पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी शोधा. दोन-तीन दिवसांत कळतं आणि खर्च जवळपास नसतो.

खालच्या घरी जाऊन ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. नंतर वर बाथरूमच्या पाइपलाइनचा कॉक दोन दिवस बंद ठेवा. भिंतीतला पाइप कायम दाबाखाली असतो. तो फुटला असेल तर घर बंद असलं तरी खाली ठिबकतं आणि कॉक बंद केला की थांबतं. ठिबकणं तसंच राहिलं तर फरशीकडे वळा. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, इंचभर पाणी भरा आणि टाइलवर पातळीची खूण करा. 24 तासांत पातळी उतरली आणि खालची ओल पेन्सिलीची रेघ ओलांडून गेली, तर दोष टाइल्सच्या सांध्यांत किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. पातळी तशीच राहिली पण बोळा काढून सात-आठ बादल्या सोडल्यावर खाली ठिबकलं, तर ट्रॅपचा जोड किंवा त्याखालचा पाइप.

दोष सांध्यांत असेल तर जुनं ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरलेला मसाला) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा आणि बाथरूम दिवसभर कोरडी ठेवा. लगेच निकाल मागू नका. जुन्या इमारतींत स्लॅब आणि टाइल्सच्या मध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्यात मुरलेलं पाणी गळती थांबल्यावरही बरेच दिवस खाली झिरपत राहतं. "ग्राउट करूनही फरक नाही" म्हणून घाईघाईत टाइल्स फोडल्या जातात, त्या यामुळेच. पंधरवड्याने पेन्सिलीची रेघ पुन्हा पाहा.

फोडावंच लागलं, तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि टाइल्स बसवण्यापूर्वी पुन्हा 24 तास पाणी भरून ठेवायला लावा. कंत्राटदार हीच पायरी गाळतो. ती करेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. बाथरूम बंद असेल तितक्या दिवसांचं भाडं कमी करणं रास्त आहे.

सोसायटीचं म्हणणं घरातल्या नळ-नहाणीच्या गळतीपुरतं बरोबर आहे. बाहेरची भिंत, गच्ची आणि सामाईक पाइपलाइनची गळती मात्र सोसायटीने काढायची. भाडेकरूंवर खर्च टाकू नका. वापराने झिजलेलं वॉटरप्रूफिंग हा त्यांचा दोष नाही.

प्रश्न : भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी देखभालीच्या बिलाच्या 25 टक्के जादा मागते. योग्य आहे का?

नाही. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलची आकारणी) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं. सेवा शुल्काच्या म्हणजे पूर्ण बिलाच्या नव्हे. समजा 3,800 च्या बिलात महापालिका कर 900, पाणी 400, सिंकिंग फंड 300, दुरुस्ती निधी 700 आणि सेवा शुल्क 1,500 असेल, तर तुम्ही द्यायचे 150. कमिटीला आदेशाचा हवाला देऊन लेखी कळवा आणि बाकी बिल वेळेवर भरा, म्हणजे तुमच्यावर थकबाकीचा शिक्का बसणार नाही. भाडेकरूची पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरल्याची प्रत आणि कराराची प्रत मात्र सोसायटीला जरूर द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, नाशिकचा फ्लॅट 32,000 भाड्याने दिला आहे. भाडं 50,000 च्या आत असल्याने टीडीएस लागत नाही, असं एजंट सांगतो.

एजंट चुकतो आहे. टीडीएस म्हणजे भाडं देतानाच त्यातून कापून सरकारकडे भरायचा कर. त्यासाठी 50,000 ची मर्यादा आहे ती करासाठी भारतात निवासी असलेल्या मालकाला. मालक अनिवासी असेल तर पहिल्या रुपयापासून कपात, दर 31.2 टक्के, म्हणजे महिन्याला 9,984. ती करायची भाडेकरूने : टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक) काढायचा, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरणा, दर तिमाहीला विवरणपत्र. राहून गेलं तर व्याज आणि दंड त्याच्या डोक्यावर, म्हणून करार करतानाच त्याला स्पष्ट सांगा. उरलेली रक्कम तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं).

पैसे बुडत नाहीत. वर्षाचे 3,84,000, त्यातून भरलेला मालमत्ता कर समजा 12,000 वजा, उरलेल्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट. करपात्र राहिले 2,60,400. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे कापलेले 1,19,808 विवरणपत्र भरून परत मागता येतात. वर्षभर पैसे अडकू द्यायचे नसतील, तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच कमी दराने कपातीच्या प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करा.

करारावर सही करायला भाऊ किंवा बहीण जाणार असेल, तर त्यांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून पाठवा. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या.