वाचकांचे प्रश्न: बरणीतला प्रार्थना कीटक आणि शानतुंगची मुष्टिविद्या

बागेत कढीपत्त्यावर बोटभर लांबीचा हिरवा प्रार्थना कीटक (प्रेइंग मँटिस) सापडला. मुलांना तो पाळायचाय. बरणीत ठेवला तर चालेल का? खायला काय द्यायचं? (नाशिक)

चालेल, पण बरणी उंच हवी आणि तोंडाला कापड बांधलेलं हवं. उंची कीटकाच्या लांबीच्या किमान तिप्पट आणि रुंदी दुप्पट धरा. ६ सेंटिमीटरचा कीटक असेल, तर आतली मोकळी उंची १८ सेंटिमीटर. मोकळी म्हणजे तळाचा कागद आणि वाळकी पानं सोडून उरलेली. तोंडाला मच्छरदाणीचं कापड रबराने ताणून बसवा. लोखंडी जाळी नको, तिच्यावर पायांची टोकं झिजतात. आत खडबडीत सालीची एक-दोन तिरकी काटकी पुरे. शोभेसाठी झाडोरा भरला, की लटकायला जागाच उरत नाही.

एका बरणीत एकच. दोन ठेवले, तर आठवड्याने एकच दिसेल, तोही चांगला गुबगुबीत.

खाणं जिवंत आणि हलतं हवं. लहान पिल्लांना फळमाश्या, मोठ्यांना घरमाश्या, पतंग, छोटे रातकिडे. भक्ष्य कीटकाच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं नको. पिल्लाला रोज किंवा दिवसाआड, प्रौढाला दोन-तीन दिवसांनी. घड्याळापेक्षा पोट बघा: चपटं असेल तर द्या, टम्म असेल तर थांबा. अति भरलेलं पोट उंचावरून पडल्यावर फुटू शकतं. स्वयंपाकघरातलं झुरळ मात्र देऊ नका. त्याने औषध किंवा जेल चाटलेलं असेल, तर तुमचा कीटक थरथरत मरतो आणि कारण कळत नाही.

पाण्याची वाटी नको. रोज एकदा बरणीच्या भिंतीवर बारीक फवारा मारा, तो थेंब चाटतो. संध्याकाळपर्यंत भिंती कोरड्या झाल्या पाहिजेत, नाहीतर बुरशी येते. उन्हात बरणी ठेवणं म्हणजे त्याला शिजवणं.

माझा कीटक कात टाकताना खाली पडला. पुढचा एक पाय वाकडा झालाय आणि त्याला शिकार धरता येत नाही. काय चुकलं? (चिपळूण)

पाळलेले सगळ्यात जास्त प्रार्थना कीटक कात टाकतानाच जातात, म्हणून हे जरा सविस्तर.

कात टाकायची वेळ आली, की तो एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, खाणं सोडतो. शेवटच्या कातेआधी पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगतात. मग तो छताला मागच्या चार पायांनी उलटा लटकतो आणि हलायचं थांबतो. पाठीवरची कात उलते आणि तो स्वतःच्या वजनाने खाली घसरत त्यातून बाहेर येतो. म्हणजे त्याला हात नाहीत, जोर नाही, गुरुत्वाकर्षण हेच हत्यार. खाली जागा कमी पडली, तर डोकं तळाला टेकतं आणि ओले, मऊ पाय वाकडेच वाळतात.

दुसरं कारण कोरडी हवा: कात आतल्या अंगाला चिकटून बसते. उपवास दिसला, की फवारा थोडा वाढवा. तिसरं कारण बरणीत राहिलेलं भक्ष्य. रातकिडा मऊ पडलेल्या कीटकाला कुरतडतो. खाणं सोडलं, की आतला प्रत्येक जिवंत किडा बाहेर काढा. आणि चौथं कारण आपण: फोटोसाठी बरणी हलवणारे.

अर्धवट अडकलेली कात ओढू नका, कातेबरोबर पायही येतो. कात टाकल्यावर निदान एक दिवस खाणं देऊ नका, जबडे आणि काटे टणक होऊ द्या.

आता तुमच्या कीटकाचं. पंख पोटाएवढे लांब नसतील, तर तो बहुधा अजून पिल्लू आहे आणि पुढच्या कातेत पाय बराच सरळ होऊ शकतो. तुटलेला पायही पिल्लांना कातेसरशी नव्याने फुटतो, आधी जरा आखूड. प्रौढाला ही सोय नाही. तोवर भरवा: माशी चिमट्यात धरा, डोकं चिरडून ओला भाग थेट तोंडाला लावा. चव लागली की तो खातो. नुसती समोर ठेवलेली मेलेली माशी त्याला भक्ष्य वाटत नाही, कारण त्याची नजर हालचालीवर चालते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी या कीटकांना मधमाशीच्या मेणाने इवलेसे थ्रीडी चष्मे चिकटवून हेच तपासलं. दोन डोळ्यांनी अंतर मोजणं त्याला जमतं, पण हलत्या गोष्टीचंच.

रात्री त्याचे डोळे काळे होतात. आजार आहे का? (ठाणे)

नाही. अंधारात जास्त उजेड टिपायला डोळ्यांतलं रंगद्रव्य सरकतं, सकाळी डोळे पुन्हा हिरवे. मात्र एकाच जागी कायमचा तपकिरी डाग दिसला, तर तो बहुधा काचेवर घासल्याचा. काचेला बाहेरून कागद लावा. (दिवसा डोळ्यात दिसणारा आणि तुमच्याकडे वळणारा काळा ठिपका हा बुबुळाचा भास असतो, डाग नव्हे.)

कुंग-फूच्या वर्गात ‘मँटिस शैली’ शिकवतात. ती खरंच या किड्यावरून आली का? हाताचा आकडा (हूक) करताना माझं मनगट दुखतं. (पुणे)

चीनच्या शानतुंग प्रांतातली ही शैली, चिनी नाव थांगलांग छ्वान. थांगलांग म्हणजे हा कीटक, छ्वान म्हणजे मूठ. मूळपुरुष म्हणून वांग लांग याचं नाव घेतात. लढतीत हरलेल्या वांगने प्रार्थना कीटकाला सिकाडा या झाडावर किरकिरणाऱ्या मोठ्या किड्याला धरताना पाहिलं, काडीने डिवचून त्याचे डाव टिपले, अशी आख्यायिका. त्याचा काळ कुणी सोंग राजवटीत (दहावं ते तेरावं शतक) नेतं, कुणी मिंग राजवटीच्या अखेरीस (सतरावं शतक), तेव्हा ती आख्यायिकाच समजावी. इतिहासाच्या उजेडातलं नाव लुओ ग्वांगयू यांचं: या शैलीच्या सप्ततारा शाखेचे हे उस्ताद १९१९ पासून शांघायच्या चिंगवू या युद्धकला शिकवणाऱ्या संस्थेत शिकवत, आणि तिथून ही शाखा हाँगकाँगपर्यंत पोचली. दक्षिण चीनमध्ये हाक्का या चिनी समाजाची ‘दक्षिणी मँटिस’ आहे. नाव सारखं असलं, तरी घराणं वेगळं.

किड्याकडून घेतलाय तो हात. पायांची चाल परंपरेनेच माकडाची सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. प्रार्थना कीटक शिकार करताना पावलं टाकत नाही, चार पाय रोवून वाट पाहतो आणि एक दशांश सेकंदाच्या आत झडप घालतो. माणसाला समोरच्याकडे जावं लागतं.

मनगटाचं कारण बहुधा हे: तुम्ही फक्त मनगट मोडून आकडा करताय. अंगठा आणि तर्जनी जुळवा, उरलेली बोटं आत वळवा, पण ताठ करू नका. ओढ कोपरातून यावी: कोपर खाली बसतं, अग्रबाहू फिरतो, मनगट नुसतं त्याच्या मागे जातं. गोऊ, लोऊ, छाय, म्हणजे अडकव, ओढ, खुड, या तीन क्रिया एकाच वाहत्या हालचालीत होतात. ओढ तिरकी, खाली, स्वतःच्या कमरेकडे. सरळ आपल्याकडे ओढलंत, तर समोरच्याची मूठ तुम्हीच आपल्या नाकावर आणून घेता. आठवडाभर जोडीदाराच्या मनगटावर हळूच सराव करा, वेग आपोआप येईल.

एक विनंती. पंख पसरून, पुढचे पाय वर उचलून उभा राहिलेला कीटक ‘पवित्र्यात’ दिसतो खरा, पण तो घाबरलेला असतो. व्हिडिओसाठी त्याला डिवचू नका.

फांदीवर सापडलेली फेसासारखी तपकिरी अंडीपेटी बरणीत ठेवली. पिल्लांऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या! (सावंतवाडी)

या परजीवी माश्या अंडीपेटीतच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतली अंडी खातात. पेटीच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली, तर त्या निघून गेल्या किंवा निघतायत असं समजा. सगळीच पेटी वाया जाते असं नाही, उरलेल्या अंड्यांतून नंतर पिल्लं येऊ शकतात. पेटी मूळ दिशेनेच टांगून ठेवा आणि तीन-चार दिवसांआड हलका फवारा मारा.

पिल्लं निघाली, तर एकदम शंभरेक निघतील. पिकलेल्या केळ्याच्या बाटलीत फळमाश्या आधीच तयार हव्यात, नाहीतर दोन दिवसांत ती एकमेकांना खायला लागतात. दहा-बारा ठेवा, बाकीची जिथे पेटी सापडली त्याच झुडपात सोडा. पिल्लांच्या बरणीला मच्छरदाणी चालणार नाही, फळमाश्या तिच्यातून निसटतात. जुन्या सुती साडीचा तुकडा बांधा.