मागची साइट बदलली आणि छर्रे भरकटले
(नेमबाजी : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून शाळेच्या संघातून १० मीटर एअर रायफल खेळते. तिच्या रायफलीवरची खाचेची साधी साइट (नेम धरण्याचे साधन) काढून आम्ही जर्मन बनावटीचा एक जुना डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची मागची साइट, घेतला आणि घरीच बसवला. पुढची साइट मात्र तीच ठेवली. पहिले पाच छर्रे लक्ष्याच्या कार्डावर लागलेच नाहीत. मागच्या पुठ्ठ्यावर बरेच वर आणि थोडे डावीकडे लागले. ते उजवीकडे आणावेत म्हणून बाजूचा स्क्रू ‘आर’ या अक्षराकडे फिरवला, तर ते आणखीच डावीकडे गेले. साइट खराब निघाली असे समजावे का? सराव तळमजल्यावरच्या लांब हॉलमध्ये, मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी लावून आणि कूलर चालू ठेवून होतो.
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून साइट खराब असल्याचे दिसत नाही. आपल्या तक्रारीत दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

छर्रे वर का गेले, हे साध्या त्रैराशिकाने समजते. मागची साइट जितकी उंच होते, तितके छर्रे वर लागतात. पुढची साइट उंच केली, तर ते खाली येतात. खाचेच्या जुन्या साइटपेक्षा डायऑप्टरचे छिद्र बहुधा बरेच उंच असते. समजा, ते ४ मिलिमीटरने उंच आहे आणि दोन्ही साइटमधले अंतर ६५० मिलिमीटर आहे. ४ ला १०,००० ने (१० मीटरचे मिलिमीटर) गुणून ६५० ने भागले, तर सुमारे ६१ मिलिमीटर येतात. कार्डाची बाजू ८० मिलिमीटरची, म्हणजे मध्यापासून वरची कड ४० मिलिमीटरवरच संपते. मग छर्रे पुठ्ठ्यावर गेले यात नवल नाही. एवढा फरक डायऑप्टरचा स्क्रू खाली उतरवून भरून काढायला गेलात, तर तो तळाला टेकेल. यावर खरा उपाय पुढच्या साइटचा आहे : तिथे बोगद्याची साइट, म्हणजे आत गोल कडे असलेली नळकांड्यासारखी साइट, बसवावी, आणि तिचा मध्य आताच्या टोकापेक्षा साधारण तितकाच उंच येईल असे पाहावे. उंची वाढवणारे ठोकळेही मिळतात. मात्र घेण्यापूर्वी साइट जिच्यावर बसते ती रायफलीवरची पट्टी मोजा, कारण एअर रायफलीवर बहुधा ११ मिलिमीटरची पट्टी असते आणि रुंद पट्टीसाठी बनवलेला क्लॅम्प तिच्यावर धरत नाही.

आता त्या ‘आर’विषयी. अनेक जर्मन डायऑप्टरांवरची अक्षरे छर्रा कुठे न्यायचा हे सांगत नाहीत. छर्रा कुठे लागला हे सांगतात. ‘एल’ म्हणजे डावीकडे लागला, ‘आर’ म्हणजे उजवीकडे, ‘एच’ म्हणजे वर आणि ‘टी’ म्हणजे खाली. छर्रे डावीकडे जात असतील, तर स्क्रू ‘एल’कडे फिरवायचा. आपण नेमके उलट केलेत आणि साइटने सांगितल्याप्रमाणेच काम केले. इतर काही बनावटींत बाण आणि अक्षर छर्रा जिथे न्यायचा ती दिशा दाखवतात, म्हणून खूण वाचून विसंबून राहू नये, एकदा करून पाहावे. नव्या डायऑप्टरच्या मागे लागून संध्याकाळच्या संध्याकाळ केवळ या अक्षरांपायी वाया घालवणारे खेळाडू मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मनात साइटविषयी बसलेला संशय नंतर फार दिवस जात नाही. आपल्या मुलीच्या मनात तो बसू देऊ नका.

बसवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करा. नळीत छर्रा नाही याची खात्री करून घ्या, लोडिंगचा भाग उघडा ठेवा आणि मगच एलन की हातात घ्या. पट्टी आणि क्लॅम्प कोरड्या कापडाने पुसा, कारण तेलाचा पातळ थरही साइट हळूहळू मागे सरकू देतो. क्लॅम्पचे दोन स्क्रू असतील, तर एक थोडा, मग दुसरा थोडा, असे आलटून पालटून घट्ट करा. एकच आधी पूर्ण आवळला, तर साइट तिरकी बसते. मग बाजूचा स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण वेढे मोजा आणि निम्म्यावर आणून ठेवा. तिथून सुरुवात केली, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा उरते.

पहिले छर्रे मारताना कार्डाऐवजी मोठा कोरा कागद लावा आणि अंतर ५ मीटर ठेवा. मागची पेटी त्या कागदाहून मोठी असली पाहिजे, ही अट मात्र सोडू नका. पाच छर्रे मारून त्यांच्या झुबक्याचा मध्य पाहा. एका छर्‍यावरून स्क्रूला हात लावू नये. मुलांना, आणि पालकांना तर फारच, या बाबतीत धीर धरवत नाही. मग १० मीटरवर येऊन तसेच पाच मारा, स्क्रू दहा क्लिक (फिरवताना ‘टक्’ असा जाणवणारा एकेक टप्पा) फिरवून पुन्हा पाच मारा आणि मध्य किती सरकला ते मोजा. १० मीटरवर दहा क्लिकांनी मध्य ४ मिलिमीटर सरकला, तर एक क्लिक म्हणजे ०.४ मिलिमीटर. एअर रायफलच्या कार्डावर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंत २.५ मिलिमीटर असतात, म्हणजे एका गुणाची चूक सुधारायला अंदाजे सहा क्लिक लागतील. जुन्या साइटच्या आट्या झिजलेल्या असतात आणि दिशा बदलल्यावर पहिले एक-दोन क्लिक रिकामे जातात. म्हणून नेहमी थोडे पलीकडे जाऊन एकाच दिशेने परत यावे. हे आकडे मुलीच्याच हस्ताक्षरात वहीत असू द्यावेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा असतो, आणि दर वेळी साइटचे आकडे बदलावे लागतात. त्या खेळाडूंना आपल्या क्लिकांचा हिशेब पाठ असतो.

एक गोष्ट मला आपल्या प्रश्नात विशेष वाटली, ती म्हणजे कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात तो बंद ठेवा असे सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो. तरीही अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आडव्या झोताने १० मीटरमध्ये काही मिलिमीटर सरकू शकतो. कूलर उजव्या खिडकीत असेल, तर डावीकडच्या चुकीत त्याचाही वाटा असणार. साइट जुळवताना तेवढी वीस मिनिटे तो बंद ठेवा, किंवा पहाटे जुळवा.

पुढच्या बोगद्यातल्या कड्याचा आकार घाईने ठरवू नये. कार्डाचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आहे. डोळ्यापासून ८५ सेंटिमीटरवर असलेल्या पुढच्या साइटपाशी तो सुमारे २.६ मिलिमीटर दिसतो. कडे ३.६ ते ४ मिलिमीटरचे घेतले, तर काळ्याभोवती पांढरी कड स्वच्छ दिसते. फार अरुंद कड्यात काळा भाग चिकटून दिसतो आणि मूल नेम धरत बसते. छर्रा सुटतच नाही.

प्रश्न : शेतरक्षणासाठी माझ्याकडे परवान्याची १२ बोअर बंदूक आहे. तिच्या नळीवरचा पुढचा मणी झिजला आहे. बाजारात मिळणारा चमकणारा मणी घरी बसवता येईल का?
— एक शेतकरी, काटोल

उत्तर : मण्यांच्या आट्या सारख्या नसतात आणि न बसणारा मणी दाबून बसवताना नळीचे भोक बिघडते. बंदुकीच्या दुरुस्तीचे काम शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना असलेल्या दुरुस्तीकारानेच करायचे असते. जवळ परवाना ठेवून त्याच्याकडेच बंदूक न्यावी. नळीला कानस लावू नये.

प्रश्न : वय ५२. क्लबमध्ये एअर रायफल खेळते. डायऑप्टरमधून काळा गोल दिसतो, पण पुढचे कडे धूसर दिसते. साइटला भिंग लावावे का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, रायफलीच्या स्पर्धेत साइटवर भिंग चालत नाही, चष्मा चालतो. आपल्या चष्म्याचा दूरचा नंबर कार्डासाठी ठीक आहे, पण कडे ८५ सेंटिमीटरवर आहे. चष्म्याच्या डॉक्टरांना हे अंतर मोजून सांगा. दूरच्या नंबरात साधारण अर्धा नंबर वाढवून काम भागते. चष्म्याची काच नजरेला काटकोनात असावी, म्हणून नेम धरलेल्या स्थितीतला आपला फोटो त्यांना दाखवा. त्याआधी डायऑप्टरचे छिद्र १.१ किंवा १.२ मिलिमीटरवर आणून पाहा. लहान छिद्रातून कडे आणि गोल दोन्ही थोडे ठळक होतात. मात्र प्रकाश कमी झाल्याने काळ्याची कड राखाडी वाटू लागली, की छिद्र थोडे मोठे करा.