डॉक्टर पडद्यावर काय वाचतात?

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. वाशीतील रुग्णालयात त्यांचे रिपोर्ट पाहतानाच डॉक्टर त्याच पडद्यावर औषधाची माहिती उघडून वाचत होते. हे त्यांना पाठ नसावे का? आणि वडिलांच्या नोंदी कोणाच्याही हाती तर लागणार नाहीत ना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : डॉक्टरांनी औषधाच्या माहितीचा संदर्भ पाहिला, हे मी सावधपणाचे लक्षण मानतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे नेहमीचे औषध घ्या. मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे रिपोर्टमधील ईजीएफआर, ३०च्या खाली असेल तर ते देत नाहीत आणि ३० ते ४५च्या दरम्यान असेल तर सहसा नव्याने सुरू करत नाहीत. हा नियम औषधांच्या संदर्भ-माहितीत असतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साचणारा घटक, आदल्या रात्री वाढल्याची नोंद मात्र प्रयोगशाळेकडे असते. दोन्ही वेगळ्या ठिकाणी असली, की रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना एकातून बाहेर पडून दुसरीकडे औषधाचे नाव पुन्हा टाइप करावे लागते आणि वॉर्ड भरलेला असताना नेमके तेच राहून जाते. ‘इन्फोबटन’ या सोयीत नोंदीतील औषधाशेजारचे चिन्ह दाबले, की रुग्णाचे वय, लिंग आणि निदान यांना अनुसरून संबंधित माहिती उघडते. न विचारता पडद्यावर सतत उमटणाऱ्या इशाऱ्यांपेक्षा मला ही पद्धत अधिक पटते, कारण इशारे फार झाले की ते न वाचताच बंद केले जातात.

मात्र नोंद अपुरी असेल तर उत्तम संदर्भही उपयोगी पडत नाही. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी किंवा घरी चालू असलेला काढा रुग्णालयाच्या संगणकात नसतो. तो तुम्हीच सांगायला हवा.

गोपनीयतेची तुमची काळजी रास्त आहे. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ या आरोग्य खात्याच्या क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी एका संस्थेकडून दुसरीकडे रुग्णाच्या संमतीनेच जातात आणि ती संमती मागे घेता येते. रुग्णालयाच्या आत मात्र जबाबदारी त्या रुग्णालयाची असते. प्रत्येक कर्मचाऱ्याचे लॉगिन स्वतंत्र आहे का आणि कोणी, कधी नोंद उघडली याची आपोआप नोंद राहते का, हे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा. संपूर्ण वॉर्ड एकाच पासवर्डवर चालत असेल, तर त्याबद्दल तक्रार जरूर करा.